पाच किलोंच्या आतलं विमान

विमान मी बांधलं. 'बनवलं' म्हणत नाही, 'तयार केलं' तर मुळीच म्हणत नाही. आमच्याकडे घर बांधतात, होडी बांधतात, आवाराभोवती चिऱ्यांचा गडगा बांधतात. ज्या वस्तूला वारा खायचा असतो ती बांधावी लागते, एवढी साधी गोष्ट आहे. घाटावरचे लोक या शब्दाला हसायचे. "विमान काय बांधता मॅडम, बंगला आहे का तो?" असं एकाने मला तोंडावर विचारलंही होतं. त्याच्या स्वतःच्या विमानाचा पंख त्याच दिवशी हवेत मोडला. मला फारसं वाईट वाटलं नाही.

मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. नवरा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर. १९९८ च्या सुमारास त्याने मुंबईच्या एका सहकाऱ्याकडून रेडिओवर उडणारं लहानसं विमान आणलं. हातात एक डबा, त्या डब्यावर दोन काठ्या, त्या अंगठ्यांनी हलवायच्या आणि आकाशात विमान वळतं. दर रविवारी सकाळी तो ते घेऊन गावाबाहेरच्या सड्यावर जायचा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ. तिथे तो विमान उडवायचा आणि तिथल्याच जांभ्यावर आपटायचा. मग आठवडाभर मी ते जोडत बसायची.

हे मी प्रेमापोटी करत होते असं कुणी समजू नये. मी रागापोटी करत होते. त्याची चिकटवण्याची पद्धत मला बघवत नसे. गोंद ओघळलेला, फळीला फळी वाकडी. वर्गात एखाद्या मुलाने असं काम आणलं असतं तर मी त्याला परत पाठवलं असतं. माझ्या हाताखालून गेलं की विमान नव्यापेक्षा बरं उडतं, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते चार लोकांसमोर कबूल केलं. तेवढ्यासाठी मी त्याचे पुढचे बरेच गोंद माफ केले.

असं करत करत दोन-तीन वर्षांत आम्ही कसरतीच्या विमानांपर्यंत पोचलो. साधं विमान सुलटं उडायला जन्माला येतं. त्याच्या पंखाला वरून फुगवटा असतो आणि खालून सपाटी. कसरतीच्या स्पर्धेत मात्र विमानाला उलटं उडावं लागतं, कुशीवर उडावं लागतं, सरळ वर चढून तिथल्या तिथे वळून खाली यावं लागतं. समोर खुर्च्यांवर परीक्षक बसलेले असतात आणि आकाशातली रेघ जरा वाकडी झाली की गुण कापतात. म्हणून अशा विमानाला ना पोट असावं ना पाठ. ते वरून जसं, तसंच खालून हवं.

परदेशी नकाशे मागवून मी अशी दोन विमानं बांधली. दोन्ही चांगली उडली. पण दुसऱ्याच्या पाककृतीने केलेल्या जेवणासारखं झालं. लोक छान म्हणतात आणि आपल्याला माहीत असतं की कौतुक आपलं नाही. मला माझं स्वतःचं विमान काढायचं होतं. मी कार्ट्रिजचे कागद एकाला एक जोडून माजघरात पसरले आणि गुडघ्यांवर बसून पूर्ण मापाचं चित्र काढायला घेतलं. धडाच्या बाजू मी उंच ठेवल्या, कारण विमान कुशीवर झालं की पंख उभे होतात आणि त्यांचं काम बाजूंना करावं लागतं. शेपटी जराशी लांब घेतली. पंखाचा फुगवटा दोन्ही अंगांना तंतोतंत सारखा येईपर्यंत इतक्या वेळा खोडला की कागदाला तिथे लव आली. गणित नवऱ्याने तपासलं. गणित त्याचं, रेघ माझी, अशी आमची वाटणी होती आणि त्यावरून आमचं कधी भांडण झालं नाही. इतर सगळ्यावरून झालं.

त्या दिवसांत घरातली माणसं भिंतीला धरून चालायची. सासूबाई म्हणाल्या, "अगो, रांगोळी असती तर संध्याकाळी झाडून तरी टाकली असतीस." पण कागदावर पाय त्यांनीही कधी ठेवला नाही.

स्पर्धा दिवाळीच्या सुट्टीत, घाटावर, एका जुन्या धावपट्टीवर होती. नियम सोपा होता आणि निर्दय होता. विमानाची लांबी दोन मीटर, पंखांची रुंदी दोन मीटर, आणि इंधन न भरता वजन पाच किलो. त्याच्या वर एक ग्रॅमही गेलं तर विमान मैदानात उतरतच नाही. ते कितीही सुंदर असो, मालकाने ते गुंडाळून घरी न्यायचं. मी स्वतः काढलेल्या पहिल्या विमानाच्या नशिबी ते येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. हरलं तरी चालेल, पण उडालं पाहिजे.

लाकूड आलं मे महिन्यात. या कामाला बाल्सा नावाचं परदेशी लाकूड लागतं. लग्नातलं बाशिंग ज्या भेंडाचं करतात, जवळपास तितकंच हलकं. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर मी प्रत्येक फळी जोखली आणि तिच्या अंगावरच पेन्सिलीने आकडा लिहिला. हलक्या फळ्या शेपटीला, मजबूत फळ्या पंखाच्या कण्याला. इंजिन, चाकं, रेडिओचं सामान, सगळ्याची बेरीज करून मी पाच किलोंच्या खाली आले होते. मग पाऊस लागला. पावसाळ्यात सड्यावर उडवणं बंदच असतं, म्हणून बांधायचं काम नेहमी पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर शाळा सुटली की मी आणि विमान. वर शेवटी रंगीत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा इस्त्रीने बसवतात. तो तापला की आकसतो आणि लाकडाला घट्ट धरतो. मी पांढऱ्या पंखावर कोकमाच्या रंगाचे किरण कापून बसवले होते. सुरकुती एक नाही. इतकं देखणं काम माझ्या हातून तोवर झालं नव्हतं, हे मीच सांगते, कारण दुसरं कोण सांगणार.

घरचा काटा दोन किलोंचा. म्हणून गणपती झाल्यावर आम्ही विमान घेऊन नाक्यावरच्या वाण्याकडे गेलो. त्याच्याकडे छताला टांगलेला मोठा तराजू होता. पंख आणि धड वेगळे करून एका पारड्यात उभे केले आणि साखळ्यांना बांधले. दुसऱ्या पारड्यात त्याने पाच किलोचं वजन ठेवलं. विमानाचं पारडं खाली गेलं आणि खालीच राहिलं.

"खाली जातंय, बाई," वाणी म्हणाला.

"तुमचं वजन खरं आहे ना?" मी विचारलं.

"दर वर्षाला शिक्का मारून आणतंय. तुमचं इमान जड हाय, माझं वजन हलकं नाय."

त्याने पाच किलोंच्या शेजारी पन्नास ग्रॅमचं छोटं वजन ठेवलं, तेव्हा दांडी सरळ झाली. तोवर दुकानात गिऱ्हाइकं जमली होती आणि रत्नागिरीत सल्ला मागावा लागत नाही. एकाने शेपटीला भोकं पाडायला सांगितलं. एकाचं मत पडलं की चाकं काढावीत, वर गेल्यावर त्यांचा काय उपयोग. पेन्शनीतले एक बागायतदार बराच वेळ विमानाभोवती फिरले आणि म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड झालंय तुमचं." मग त्यांनी अर्धा किलो साखर घेतली आणि गेले.

घरी येताना नवरा एवढंच म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण." ते मला लागलं, कारण वाण्याकडे जायची कल्पना त्याची होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर त्याने माझा नकाशा टेबलावर पसरलेला आणि लाल पेन्सिलीने त्यावर गोल काढलेले. पंखाच्या आतल्या फासळ्यांना भोकं पाडायची. आडव्या आधारपट्ट्या चार काढून टाकायच्या. धडातला एक पडदा, म्हणजे आतली आडवी फळी, अर्धा कापायचा. असे पन्नास ग्रॅम त्याने माझ्या विमानातून वेचून काढले होते. गणित बरोबरच होतं.

"या पट्टीची गरज नाही," तो म्हणाला.

"गरज आहे म्हणूनच ती तिथे आहे. तुम्ही बसलायत त्या खुर्चीचा एक पाय काढू का? तीन पायांवरही उभी राहते."

"अगो, कापल्यावर पंख मोडला तर निदान उडून तरी मोडेल. वजनात अडकलं तर जमिनीवरच राहील."

तो बोलला ते खरं होतं, म्हणून मी जास्त चिडले. पण माझी बेरीज मला दिसत होती. मे महिन्यात जोखलेल्या लाकडाचं विमान पाच किलोंच्या आत यायला हवं होतं. मी काही मोजायला चुकणारी बाई नाही. मग जास्तीचं वजन आलं कुठून, हा प्रश्न भोकं पाडण्याच्या आधी विचारायला हवा होता आणि तो कुणीच विचारत नव्हतं.

माझं माहेर केळशीचं. वडिलांचा सुपारीचा व्यवहार होता. पावसाळ्यानंतर पाठवलेली सुपारी घाटावरच्या व्यापाऱ्याकडे पोचली की दर वर्षी कमी भरायची आणि दर वर्षी त्याचा तक्रारीचा निरोप यायचा. वडील न चिडता म्हणायचे, "घाट चढला की माल हलका होतो." आमची हवा मालात जाऊन बसते आणि तिकडची कोरडी हवा तिला बाहेर काढते; यात चोर कुणीच नाही. मी सुपारीच्या राशींत वाढलेली मुलगी, आणि चार महिने धो धो पावसात उघड्या लाकडावर काम करत होते. हे मला वाण्याच्या दुकानात आठवायला हवं होतं.

माळ्यावर बाल्साचा एक न वापरलेला छोटा तुकडा होता, मे महिन्यात फळ्यांबरोबरच जोखून आकडा लिहिलेला. शाळेत नेऊन जोखला तर आकड्यापेक्षा जड. मग तोच तुकडा मी बंबाच्या वरच्या फडताळात ठेवला, जिथे पावसाळ्यात आमच्या काड्यापेट्या आणि पापड राहतात. काही दिवसांनी पुन्हा जोखला. मेचा आकडा परत आला होता. मी तो तुकडा नवऱ्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि काय झालं ते सांगितलं.

त्याने लगेच कागद ओढला. विमानात असं लाकूड किती, त्यातलं पाणी किती, ते निघालं तर वजन किती. कागदावर विमान पाच किलोंच्या आत येत होतं. त्याचा चेहरा उजळला आणि तेवढ्यात पडला.

"पण निघणार कसं? वरून सगळं प्लास्टिकने बंद केलंयस."

"मग प्लास्टिक काढू."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. हे कोकमाच्या रंगाचे किरण त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवले होते.

बंबावर तुकडा सुकतो. दोन मीटरचं विमान सुकत नाही. आगीच्या उष्णतेने पंख पिळतो आणि मग तो कुणाच्या बापाला सरळ होत नाही. ते सावकाश, सावलीत, वाऱ्यावर सुकायला हवं, आणि आमच्याकडचा वारा ओला. म्हणून माझा बेत असा होता की विमान उघडं करायचं, तसंच उघडं घाटावर न्यायचं, तिथे सुकवायचं आणि तिथेच नवा पापुद्रा चढवायचा. लाकूड कापायचं नाही. एक पट्टीसुद्धा नाही.

"आणि तरी नाही उतरलं वजन तर?" त्याने विचारलं.

"तर माझं विमान मी घरी आणीन. पण अख्खं आणीन."

कोमट इस्त्री फिरवत मी पापुद्रा सैल केला आणि माझ्या हाताने तो सोलून काढला. किरण आधी काढले. ते काढताना मला रडू आलं नाही, पण घरात कुणाशी धड बोललेही नाही. नव्या पापुद्र्यात आता फक्त पांढरी गुंडाळी उरली होती. पांढऱ्याशुभ्र विमानाचं आकाशात पोट कुठलं आणि पाठ कुठली हे उडवणाऱ्याला ओळखता येत नाही, म्हणून जुन्या किरणांचे दोन शाबूत तुकडे मी पंखाखाली लावायला जपून ठेवले.

माझा एक मामा नोकरीच्या निमित्ताने जयसिंगपूरला जाऊन तिकडचाच झाला होता. शाळेला सुट्टी लागल्याबरोबर आम्ही त्याच्याकडे निघालो. नवऱ्याच्या एका मित्राची जीप होती. मागे गोधड्यांवर विमान, त्याच्याशेजारी मी. आंबा घाट चढताना मित्र दर वळणाला हळू व्हायचा आणि आरशातून मागे बघायचा. नवरा पुढे बसला होता, पिशवी मांडीवर घेऊन. त्याच्या पिशवीत चाकू आणि करवतीची पाती होती हे मला माहीत होतं. ती मी पाहिली आहेत, हे त्याला माहीत नव्हतं.

मामाच्या गच्चीवर एक खोली होती, दोन्ही बाजूंना खिडक्या, दिवसभर वारा. तिथे मी पंख सपाट फळीवर टाचून ठेवले आणि धड दोन उशांवर. वरून मलमलचं जुनं धोतर टाकलं, धुळीसाठी. दर थोड्या वेळाने वर जाऊन पंख उलथायची, आंब्याचं साठं उलथतात तसे. मामी तिकडचीच. ती जिन्यातून डोकावली. "काय गं, इमानाला वारा घालतीस व्हय? आमच्यात बाळंतिणीचीबी इतकी उस्तवार नसती बघ." पण दुपारी खोलीचं दार लागलेलं दिसलं की तीच येऊन ते उघडून जायची.

नवऱ्याला विमान जोखून बघायचं होतं. मामाच्या ओळखीचा वाणी होता, कोपऱ्यावरच होता. मी नाही म्हटलं.

"का पण?"

"दहा ग्रॅम जास्त निघाले तर तुम्ही पिशवीतून करवत काढाल. म्हणून."

तो ओशाळला. मग हसला. "पाहिलीस वाटतं."

"मी तुमची पिशवी भरल्ये. पाहीन नाही तर काय?"

खरं सांगायचं तर भीती मलाही वाटत होती. मलाही त्या वाण्याकडे पळत जावंसं वाटत होतं. पण मला विमान ऐकू येऊ लागलं होतं. रत्नागिरीत पंखावर नखाने टिचकी मारली की आवाज बसका यायचा, सर्दी झालेल्या माणसाचा. गच्चीवर तो रोज थोडा थोडा मोकळा होत गेला. सुकलेली सुपारी कानाशी हलवली की आत वाजते, ओली वाजत नाही. लहानपणापासून मी कानानेच माल ओळखत आले आहे. शेवटी टिचकीला पंख खणखणीत बोलला, तेव्हा मी मामीची इस्त्री मागून घेतली आणि पांढरा पापुद्रा चढवायला बसले. कोरड्या लाकडावर तो असा बसला की मला माझंच जुनं काम थोडं फिकं वाटलं. पंखाखाली कोकमाचे दोन पट्टे लावले आणि काम संपलं.

स्पर्धेच्या सकाळी वजनाच्या टेबलाशी रांग होती. आमच्या पुढे-मागे चकचकीत विमानं, बरीचशी बाहेरून तयार आलेली, इंद्रधनुष्यासारखी रंगवलेली. आमचं शाळेच्या गणवेशातलं. टेबलावर विजेवर चालणारा काटा होता आणि काट्यामागे टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही असे. आमच्या पुढच्या माणसाचं विमान वीस ग्रॅम जास्त भरलं. त्याने हुज्जत घातली. गृहस्थांनी मान हलवली आणि त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो माणूस आपलं विमान उचलून आमच्या बाजूने गेला तेव्हा मला त्याच्याकडे बघवलं नाही.

मग आमचं विमान काट्यावर चढलं. आकडे हलत राहिले. नवऱ्याने माझा दंड धरला होता आणि फार जोरात धरला होता. आकडे थांबले तेव्हा पहिला आकडा पाच नव्हता, चार होता. चार किलो नऊशे सत्त्याऐंशी.

गृहस्थांनी विमान उचललं, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ठेवलं. तेच आलं. त्यांनी चष्मा वर करून नवऱ्याला विचारलं, "कुणाचं डिझाईन?"

"हिचं," तो म्हणाला.

"नाही, डिझाईन कुणाचं आहे?"

"तेच सांगतोय. डिझाईन हिचं, बांधलं हिने. मी फक्त उडवतो."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं आणि विमानाच्या शेपटीवर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली. मग पंखाच्या काठावरून बोट फिरवून शेवटपर्यंत नेलं. मला इतका अभिमान वाटला की मी आजूबाजूला बघून घेतलं, आपल्याला बघतंय कोण कोण ते. बरेच जण बघत होते. मला बरं वाटलं, मी नाही कशाला म्हणू.

दुपारी आमची पाळी आली. एरंडेल मिसळलेल्या इंधनाचा वास, इंजिनाचा आवाज, आणि ते पांढरं विमान धावपट्टीवरून सुटलं. स्पर्धेत उडवणाऱ्याच्या मागे एक जण उभा राहून पुढची कसरत कोणती ते ओरडून सांगतो. ते काम माझं. मी सांगत होते आणि तो करत होता. सरळ वर, वळण, खाली. कुशीवर घेतलं तेव्हा उंच बाजूंनी त्याला अलगद तोलून धरलं, नाक खाली गेलं नाही. वारा थोडा आडवा होता; सड्यावरच्या वाऱ्यापुढे तो काहीच नव्हता. मग मी "उलटं" म्हटलं. विमान पाठीवर झालं, कोकमाचे पट्टे वर आले आणि परीक्षकांच्या समोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ते एका रेघेत गेलं. ती रेघ मी माजघरात गुडघ्यांवर बसून काढलेली होती. मी पुढची कसरत सांगायला क्षणभर विसरले.

आम्ही चौथे आलो. पहिल्या तिघांची विमानं परदेशी होती. बक्षीस समारंभानंतर टोपीवाले गृहस्थ मला शोधत आले आणि नकाशा मिळेल का म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मिळेल, पण एक पट्टीसुद्धा कमी करायची नाही. ते म्हणाले, "मॅडम, मी बांधताना तुमच्या नकाशाबाहेर जाणार नाही." तेही 'बांधताना' म्हणाले, हे मी नवऱ्याला कोपराने ढोसून लक्षात आणून दिलं.

परतीच्या वाटेवर नवरा मागे माझ्याशेजारी येऊन बसला. मधे विमान होतं. त्याने पंखाच्या टोकावर हात ठेवला. मग म्हणाला, "उलटं केलं ना, तेव्हा मी अंगठे काढले होते."

"कशावरून?"

"काठ्यांवरून. दोन्ही."

मला आधी कळेचना. उलटं उडणारं विमान, समोर परीक्षक, माझी वर्षभराची मेहनत, आणि याने हात सोडून दिले होते. सबंध धावपट्टीभर ते विमान कुणाच्या हातातच नव्हतं.

"पडलं असतं तर?" मी ओरडलेच. मित्राने आरशातून पाहिलं.

"पडलं नसतं," तो म्हणाला. "कापू नको म्हणालीस तेव्हा मी तुझं ऐकलं, पण खरं धरलं नव्हतं. करवत घेऊन आलो होतो. काट्यावर आकडा आला तेव्हा लाज वाटली. म्हटलं, निदान आज तरी पूर्ण विश्वास ठेवू."

मी खिडकीकडे तोंड केलं. घाट उतरेपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. बोलायला गेले असते तर रडले असते, आणि त्याच्या मित्रासमोर रडायची माझी मुळीच तयारी नव्हती.